विश्लेषण : अळवावरचे पाणी सौर पॅनेलवर उतरवता येईल?

*जत, माण, खटाव या भागांत ऊन मुबलक आणि पाणी मोजके. पॅनेलवरची धूळ काढायलाही पाणीच लागते. स्वतःच रचले जाणारे नॅनोलेप या पेचावर उपाय ठरू शकतात का? जतच्या एका महाविद्यालयात झालेले संशोधन काय सांगते?*

सांगली जिल्ह्यातील जत आणि सातारा जिल्ह्यातील माण, खटाव हे दुष्काळी पट्ट्यातील तालुके. सौर ऊर्जेच्या दृष्टीने इथले ऊन ही मोठी जमेची बाजू. पण सौर पॅनेलची काच जितकी स्वच्छ, तितकी वीज जास्त. उन्हाळ्यात मातीच्या रस्त्यांवरून आणि मोकळ्या रानांतून उडणारी धूळ पॅनेलवर बसते, रात्रीच्या दवात ओली होते आणि सकाळच्या उन्हात वाळून काचेला चिकटते. असे काही दिवस गेले की नुसत्या फडक्याने ती निघत नाही. पाणी लागतेच.

काचेवर केसाच्या जाडीच्याही शेकडो पट पातळ असा पारदर्शक लेप दिला आणि पाण्याचा थेंब धूळ गोळा करत घरंगळून गेला, तर? ही कल्पना नवी नाही आणि अळूच्या पानाने ती कधीच अमलात आणली आहे. प्रयोगशाळेत तिची नक्कल करण्याचे काम जगभर सुरू आहे. त्यातला एक धागा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून निघून जतच्या राजे रामराव महाविद्यालयापर्यंत पोहोचला आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• सिलिकासारखा खनिज पदार्थ आणि सेंद्रिय रेणू एकत्र आणून बनवलेल्या पदार्थाला संकरित नॅनोपदार्थ म्हणतात.
• योग्य परिस्थिती दिली तर त्याचे कण स्वतःच रचले जातात. महागडी यंत्रे लागत नाहीत.
• अशा लेपामुळे काच पाणी झटकते, पारदर्शक राहते आणि प्रकाश कमी परतवते.
• खरी अडचण टिकाऊपणाची आहे. म्हणून बाजारातील ‘नॅनो कोटिंग’ विकत घेण्यापूर्वी काही प्रश्न विचारायलाच हवेत.

धुण्याला पाणी लागते किती?

एक साधे गणित पाहू. ५ अश्वशक्तीच्या सौर कृषिपंपाला साधारण ५ किलोवॉट क्षमतेचे पॅनेल लागतात. त्यांच्या काचेचे क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस मीटर भरते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी पसरले, तर ते एक लिटर होते. म्हणजे अगदी काटकसरीने धुतले तरी एका वेळेला २५ लिटर, साधारण दोन लहान बादल्या. एका शेतकऱ्यासाठी हे फार नाही.

पण गणित मोठ्या प्रकल्पांत बदलते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत कृषी वाहिन्यांसाठी उपकेंद्रांच्या आसपास मेगावॉट क्षमतेचे प्रकल्प उभे राहतात. १ मेगावॉटला साधारण ५,००० चौरस मीटर पॅनेल लागतात. लिटरचाच हिशेब धरला, तरी प्रत्येक धुण्याला ५,००० लिटर. ज्या भागात म्हैसाळ किंवा टेंभू उपसा सिंचन योजनेचे आवर्तन कधी सुटते याकडे डोळे लागलेले असतात, तिथे काचा धुण्यासाठीचा टँकर हा साधा खर्च उरत नाही. शिवाय बोअरचे जड पाणी वापरले, तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि धुण्याचा उद्देशच फसतो.

अळूचे पान नेमके काय करते?

क्षणभंगुर गोष्टीला आपण ‘अळवावरचे पाणी’ म्हणतो. अळूच्या किंवा कमळाच्या पानावर थेंब थांबत नाही. मोत्यासारखा गोल होतो आणि जरा कलले की निसटतो. जाताना वाटेतली धूळही घेऊन जातो.

जर्मनीतील बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्तोफ नाइनहाउस यांनी १९९७ मध्ये यामागचे कारण सविस्तर मांडले. पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे त्याहून सूक्ष्म स्फटिक. थेंब या टोकांवर टेकतो. खालच्या फटींत हवा अडकलेली असते. त्यामुळे पाण्याचा पानाला होणारा प्रत्यक्ष स्पर्श अगदी थोडा असतो. धुळीचा कणही टोकांवर अधांतरी बसलेला असतो, म्हणून तो पानापेक्षा थेंबाला सहज चिकटतो.

पाणी किती झटकले जाते हे थेंबाच्या कडेशी होणाऱ्या कोनावरून मोजतात. साध्या स्वच्छ काचेवर पाणी पसरते, कोन लहान असतो. हा कोन १५० अंशांच्या वर गेला आणि पृष्ठभाग १० अंशांपेक्षा कमी कलताच थेंब घरंगळला, तर त्या पृष्ठभागाला अतिजलविरोधी म्हणतात.

एक महत्त्वाची गोष्ट इथे लक्षात घ्यावी लागते. पृष्ठभाग अगदी गुळगुळीत असेल, तर पाण्याशी कितीही फटकून वागणारे रसायन लावले तरी हा कोन साधारण १२० अंशांपुढे जात नाही. नुसते मेण पुरत नाही आणि नुसता खडबडीतपणाही पुरत नाही. दोन्ही एकत्र लागतात. ‘संकरित’ पदार्थांची गरज इथूनच सुरू होते.

घरी करून पाहा

अळूच्या ताज्या पानावर चिमूटभर हळद भुरभुरा आणि पाण्याचे दोन थेंब सोडा. पान हलवले की थेंब पिवळे होऊन घरंगळतील आणि मागे हिरवी वाट उरेल. आता पानाचा एक भाग अंगठ्याने जोरात चोळा आणि पुन्हा थेंब सोडा. चोळलेल्या जागी पाणी पसरून चिकटेल. मेणाची ती नाजूक रचना मोडली की सगळी किमया संपते. हा दुसरा प्रयोग विसरू नका, पुढे त्याचे काम आहे.

संकरित नॅनोपदार्थ म्हणजे काय?

वाळूचा मुख्य घटक असलेले सिलिका हे खनिज, म्हणजे असेंद्रिय. ते कठीण, पारदर्शक आणि उष्णता सोसणारे असते. पण त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात आणि त्यांना पाणी आवडते. दुसरीकडे मेण, पॉलिस्टायरीन किंवा मिथाइल गट असलेले रेणू सेंद्रिय. त्यांना पाण्याचे वावडे, पण ते मऊ.

सिलिकाचे नॅनोमीटर आकाराचे कण घेऊन त्यांच्या अंगावर सेंद्रिय रेणूंचे आवरण चढवले, की दोघांचे गुण एकत्र येतात. खडबडीतपणा सिलिका देते, पाण्याशी फटकून वागणे सेंद्रिय आवरण देते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८०,००० नॅनोमीटर असते. इथले कण काही दहा ते काहीशे नॅनोमीटरचे.

निसर्गातही असा संकर आहेच. नदीतल्या शिंपल्याची आतली चमकदार बाजू आठवा. ती जवळजवळ सगळी चुनखडीच्या सूक्ष्म तबकड्यांची असते, मध्ये प्रथिने आणि इतर सेंद्रिय पदार्थांचे पातळ थर. तबकड्यांच्या या थरांतून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि रंगांची झाक उमटते. रंगद्रव्य नसताना नुसत्या रचनेतून प्रकाशावर ताबा मिळवता येतो, याचे हे साधे उदाहरण.

‘स्वतःच रचले जाणे’ कसे घडते?

इतके छोटे कण चिमट्याने उचलून मांडता येत नाहीत. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांत नॅनो आकाराची रचना कोरण्यासाठी कोट्यवधींची यंत्रे आणि धूळविरहित खोल्या लागतात. स्वयंरचनेचा मार्ग उलटा आहे. घटक असे निवडायचे की ते आपोआप जागेवर जाऊन बसतील.

समजायला सर्वात सोपे उदाहरण विरजणाचे. कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की आपण काही करत नाही. दुधातले प्रथिनांचे कण एकमेकांना धरतात, जाळे तयार होते आणि सकाळी दही लागलेले असते. सिलिकाचेही तसेच. सिलिकॉन असलेले एक द्रवरूप संयुग अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात थोडे पाणी आणि थोडा अमोनिया घातला, की त्याचे रेणू पाण्याशी अभिक्रिया करून एकमेकांना जोडले जातात. आधी कण तयार होतात, मग कणांचे जाळे. या पद्धतीला सोल-जेल म्हणतात. वेर्नर श्टोबर आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये याच मार्गाने जवळपास एकसारख्या आकाराचे सिलिकाचे गोळे बनवण्याची कृती दिली. ती आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते.

दुसरी पायरी सेंद्रिय आवरणाची. सिलेन नावाच्या रेणूंना एक डोके आणि एक शेपूट असते. डोके काचेशी किंवा सिलिकाशी पक्का रासायनिक बंध करते, शेपूट पाण्यापासून दूर पळते. द्रावणात काच बुडवली की हे रेणू डोके खाली, शेपूट वर अशी दाटीवाटीने ओळ धरतात. एका रेणूइतक्या जाडीचा थर तयार झाला की जागा संपते आणि काम थांबते. इस्रायलच्या जेकब सागिव यांनी १९८० मध्ये काचेवर असे थर बनवून दाखवले होते.

बीकर, ढवळणी, भट्टी आणि रसायनांची अचूक मापे एवढ्या साहित्यावर हे काम सुरू करता येते. म्हणूनच हे संशोधन महानगरांतल्या मोठ्या संस्थांपुरते राहत नाही.

कोल्हापूर ते जत

सांगली, सातारा आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. या विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात प्रा. ए. वेंकटेश्वर राव यांच्या ‘एअर ग्लास’ प्रयोगशाळेने सिलिका एरोजेलवर दीर्घकाळ काम केले. एरोजेल म्हणजे सिलिकाचे असे जाळे, ज्यात ९० टक्क्यांहून अधिक भाग हवेचा असतो. हा पदार्थ अमेरिकी शास्त्रज्ञ सॅम्युएल किस्टलर यांनी १९३१ मध्ये प्रथम बनवला. साधे सिलिका एरोजेल ठिसूळ असते आणि ओलावा शोषते. कोल्हापूरच्या गटाने मिथाइल गट असलेली सिलिकॉन संयुगे वापरून पाणी झटकणारी आणि वाकू शकणारी एरोजेल तयार केली. त्यांचे २००६ मधील लवचिक एरोजेलवरील संशोधन जगभरच्या अभ्यासकांनी पुढे वापरले. एकाच रेणूत खनिज भाग आणि सेंद्रिय भाग, असा हा खरा संकर.

याच प्रयोगशाळेच्या कामातून पुढे आलेले डॉ. संजय लठ्ठे यांनी पाणी झटकणाऱ्या लेपांचा विषय पुढे नेला. जपानमध्ये प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ अकिरा फुजिशिमा यांच्यासोबत त्यांनी काम केले. कमळाच्या पानाची नक्कल करणाऱ्या पृष्ठभागांवरचा त्यांचा २०१४ मधील आढावा लेख याच काळातला. त्यानंतर जतच्या राजे रामराव महाविद्यालयात त्यांनी ‘सेल्फ-क्लीनिंग रिसर्च लॅबोरेटरी’ या नावाने प्रयोगशाळा चालवली. सिलिकाचे नॅनोकण आणि पॉलिस्टायरीन, पीव्हीसीसारखे नेहमीच्या वापरातले पॉलिमर एकत्र आणून अतिजलविरोधी लेप तयार करणे, मेणबत्तीच्या काजळीचा उपयोग करणे, तेल-पाणी वेगळे करणारे पदार्थ बनवणे असे तिचे विषय राहिले आहेत.

पॉलिस्टायरीन म्हणजे ज्यापासून थर्माकोल बनतो तो पदार्थ. मोठ्या अनुदानाची वाट न पाहता तालुक्याच्या ठिकाणी काय करता येते, हे या कच्च्या मालाच्या यादीवरूनच कळते.

काच पारदर्शक कशी राहते?

इथे प्रकाशाचा भाग येतो आणि खरी कसोटी लागते. पाणी झटकायला खडबडीतपणा हवा. पण खडबडीतपणा वाढला की प्रकाश विखुरतो आणि काच दुधाळ दिसू लागते. घासलेल्या काचेतून पलीकडचे दिसत नाही ते याचमुळे. पॅनेलसाठी असा लेप धुळीइतकाच निरुपयोगी.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. लेपातले उंचवटे त्याहून बरेच लहान, साधारण १०० नॅनोमीटरच्या आत असतील, तर प्रकाशाला ते जाणवतच नाहीत. आकाराचा परिणाम किती तीव्र आहे पाहा. तरंगलांबीपेक्षा खूप लहान कणांच्या बाबतीत व्यास दुप्पट झाला, तर एका कणामुळे विखुरणारा प्रकाश ६४ पट होतो. म्हणजे लेपात थोडे मोठे गठ्ठे झाले तरी काच धुरकट. दही लागताना गुठळ्या होऊ नयेत, तसेच काहीसे.

पण बरोबर जमले तर बोनस मिळतो. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. हवेतून एकदम दाट काचेत शिरताना होणारी ही घट. मध्ये हवा आणि काच यांच्या दरम्यानच्या गुणधर्माचा थर ठेवला तर ती कमी होते. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, हवेचा १. मधल्या थराचा आदर्श अपवर्तनांक १.२२च्या आसपास येतो. एवढा कमी अपवर्तनांक असलेला टिकाऊ घन पदार्थ सहज मिळत नाही, पण सिलिकाच्या कणांमध्ये हवेची छिद्रे ठेवली की तिथवर पोहोचता येते. थराची जाडी हिरव्या प्रकाशासाठी साधारण ११० नॅनोमीटर ठेवावी लागते. थोडक्यात, ज्या छिद्रांमुळे पाणी अधांतरी राहते, त्याच छिद्रांमुळे पॅनेलमध्ये जास्त प्रकाश शिरतो.

प्रकाश कमी परतवणारा सच्छिद्र सिलिकाचा थर आजच्या बहुतेक पॅनेलच्या काचेवर कारखान्यातच दिलेला असतो. नवे आव्हान त्याला पाणी आणि धूळ झटकण्याचा गुण देण्याचे आहे, तेही आधीचा फायदा न घालवता.

मग अडते कुठे?

आता अंगठ्याने चोळलेले अळूचे पान आठवा. प्रयोगशाळेतल्या लेपांचेही तसेच होते. नॅनो आकाराचे उंचवटे नाजूक असतात. वाळूचे कण, फडक्याचे घासणे, गारा, अतिनील किरणे यांनी ते झिजतात. पान जिवंत असते, ते मेण पुन्हा तयार करते. काचेला ती सोय नाही. पॅनेलचे आयुष्य २० ते २५ वर्षे धरले जाते. लेपाने तेवढे नाही, तरी काही वर्षे उन्हातान्हात टिकायला हवे. म्हणून संशोधक लेपावर सँडपेपर घासतात, चिकटपट्टी लावून ओढतात, पाण्याचा फवारा मारतात, अतिनील दिव्याखाली ठेवतात आणि पुन्हा कोन मोजतात.

टिकाऊपणासाठी एक कल्पक मार्ग काजळीतून निघाला. जर्मनीतील संशोधकांनी २०१२ मध्ये काचेवर मेणबत्तीची काजळी धरली, तिच्या जाळ्यावर सिलिकाचे कवच चढवले आणि ६०० अंश सेल्सियसला तापवून काजळी जाळून टाकली. उरले ते पोकळ, पारदर्शक सिलिकाचे जाळे. त्यावर फ्लोरिनयुक्त सिलेनचा थर दिला की ते पाणीच काय, तेलही झटकू लागले.

पण फ्लोरिनयुक्त रसायनांची वेगळी अडचण आहे. त्यांतील अनेक संयुगे निसर्गात विघटित होत नाहीत आणि पाण्यात, मातीत साठत राहतात. युरोपात त्यांच्यावर निर्बंधांची प्रक्रिया सुरू आहे. शेतात लावलेल्या पॅनेलवरून झिजलेला लेप शेवटी त्याच मातीत जाणार. म्हणून मिथाइल गटांवर किंवा फ्लोरिन नसलेल्या पॉलिमरवर आधारलेले लेप जास्त योग्य ठरतात.

तिसरी अडचण दुष्काळी भागाची खास आहे. पाणी झटकणारा लेप स्वच्छ होतो तो थेंब घरंगळल्याने. थेंबच नसेल तर? फेब्रुवारी ते मे या काळात पाऊस तुरळक असतो. दव पडले तरी त्याचे थेंब अनेकदा इतके बारीक असतात की ते उंचवट्यांच्या फटींतच अडकतात. म्हणजे अशा भागात हा लेप ‘धुण्याला सुट्टी’ देणार नाही. तो धुणे सोपे करील आणि त्याला लागणारे पाणी कमी करील. या दाव्यापलीकडे कोणी जात असेल, तर सावध राहिलेले बरे.

दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि तो नेमका उलट्या दिशेने जातो. टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिलेल्या काचेवर उन्हात पाणी झटकले जात नाही, तर एकसंध पातळ पडद्यासारखे पसरते आणि मळ घेऊन वाहते. शिवाय उन्हाच्या मदतीने हा थर सेंद्रिय घाण हळूहळू विघटित करतो. टायटॅनियम डायऑक्साइडच्या या प्रकाशरासायनिक गुणाचा पाया फुजिशिमा आणि केनिची होंडा यांच्या १९७२ मधील कामात आहे. अशी काच २००१ पासून इमारतींसाठी बाजारात आहे. पक्ष्यांची विष्ठा, धुराची काजळी अशा सेंद्रिय मळासाठी ती उपयोगी. पण मातीची धूळ म्हणजे मुख्यतः खनिज, ते ऊन विघटित करू शकत नाही. पावसाची गरज इथेही उरतेच.

शेतकऱ्याने आज काय करावे?

पॅनेलसाठी ‘नॅनो कोटिंग’ विकणारे बाजारात आहेत. बाटली विकत घेण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत.

१. हा लेप लावल्यास पॅनेल कंपनीची हमी रद्द होते का? उत्तर लेखी घ्यावे.
२. काचेतून जाणारा प्रकाश लेपानंतर किती बदलतो, याचा चाचणी अहवाल आहे का?
३. घासणे, अतिनील किरणे आणि उष्णता यांच्या चाचण्यांत लेप किती काळ टिकला?
४. त्यात फ्लोरिनयुक्त रसायन आहे का?
५. सगळ्या पॅनेलना लावण्याआधी एकाला लावून, शेजारच्या साध्या पॅनेलशी काही महिने तुलना करून दाखवाल का?

पाचवा प्रश्न सर्वात कामाचा. विक्रेता त्याला तयार नसेल, तर निर्णय सोपा होतो.

तोवर जुनेच नियम पाळावेत. पॅनेल सकाळी लवकर, काच थंड असताना धुवावेत. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये. मऊ कापड किंवा रबरी वायपर वापरावा. तारेची घासणी, राख, माती टाळावी. शक्य असेल तर साठवलेले पावसाचे पाणी वापरावे, त्यात क्षार कमी असतात. मेण, तेल किंवा गाडीचे पॉलिश पॅनेलवर लावू नये. त्यावर धूळ अधिकच चिकटते.

पुढे काय?

प्रयोगशाळेत काचेच्या छोट्या तुकड्यावर जमलेले शेतातल्या २५ चौरस मीटरवर जमेलच असे नाही. दही एक दिवस घट्ट लागते, दुसऱ्या दिवशी पातळ. स्वयंरचनेचेही तसेच. तापमान, आर्द्रता, द्रावणाचे वय यांतला छोटा फरक लेप बिघडवतो. दर वेळी सारखाच परिणाम मिळवणे हे आता अभियांत्रिकीचे काम आहे. फवारणी, बुडवणे, रोलरने लावणे यांपैकी कोणती पद्धत परवडते, लेप झिजल्यावर शेतातच पुन्हा देता येतो का, या प्रश्नांची उत्तरे त्यातून यायची आहेत.

ही उत्तरे शोधायला जत, माण, खटाव यांपेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. ऊन, धूळ आणि पाण्याची टंचाई या तिन्ही गोष्टी इथे एकत्र आहेत. जवळ महाविद्यालये आहेत, त्यांत विज्ञान शिकणारी मुले आहेत. एका पॅनेलवर लेप, शेजारी साधे पॅनेल, दोन मीटर आणि वर्षभराची नोंदवही एवढ्या साहित्यावर पदवीचा विद्यार्थीही उपयोगी प्रयोग करू शकतो. दुष्काळी तालुक्यांना उपाय बहुधा बाहेरून येतात. हा एक उपाय इथेच तपासला जाऊ शकतो, आणि कमी पडला तर तो का कमी पडला हेही इथेच कळेल.